बेटावर माणसं कुठून आली?



गेल्या महिन्यात नातवाला शाळेतून एक प्रकल्प मिळाला. (आमच्या वेळी गृहपाठ असायचा, आता प्रकल्प असतो. करायचा पालकांनीच, हे मात्र तसंच राहिलं आहे.) विषय होता, ‘एक काल्पनिक बेट-राष्ट्र तयार करा’. नकाशा, राजधानी, झेंडा, नाणी, पिकं, इतिहास, सगळं आपल्या मनाचं. रविवारी सकाळी त्यानं जेवणाच्या टेबलावर मोठा कार्डशीट पसरला आणि आंब्याच्या आकाराचं एक बेट काढलं. मधोमध विझलेला ज्वालामुखी, कडेनं प्रवाळाचं कुंपण, आत उसाची शेतं, एका कोपऱ्यात बंदर. लोकसंख्या १२ लाख. खाली सुवाच्य अक्षरात वाक्य, ‘येथे सर्व लोक गुण्यागोविंदाने राहतात.’

तेहतीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवलेला मास्तर मी. निवृत्त झालो तरी खोड जात नाही. विचारलं, “अरे, हे बारा लाख लोक आले कुठून?”

“आले कुठून म्हणजे? आबा, ते तिथलेच.”

“समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखीवर माणसं तिथलीच कशी असतील?”

त्यानं जरा डोकं खाजवलं आणि म्हणाला, “काल्पनिक आहे ना आबा!”

उत्तर बिनतोड होतं. मी गप्प बसलो. पण दुपारी वामकुक्षी काही लागेना. कारण त्यानं काढलेलं बेट जवळजवळ जसंच्या तसं या पृथ्वीवर आहे. ज्वालामुखी, प्रवाळ, ऊस, बंदर, बारा-साडेबारा लाख माणसं आणि प्रजासत्ताक राज्य. त्याचं नाव मॉरिशस. आणि तिथली माणसं कुठून आली, या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या कोकणातली माणसंही आहेत. म्हटलं, नातवाला सांगायचं ते आधी तुम्हालाच सांगावं.

प्रथम भूगोल. पुणे विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेअठरा अंशांवर, तर मॉरिशस दक्षिणेला वीस अंशांवर. म्हणजे विषुववृत्ताचा आरसा धरला तर साधारण आपल्याच ओळीतलं. फक्त ऋतू उलटे. मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरहून जास्त लांब, मादागास्करच्या पूर्वेला. मुख्य बेटाचं क्षेत्रफळ १८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याचा जेमतेम आठवा हिस्सा. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर. आपला सिंहगड १३०० मीटरच्या वर आहे. तेव्हा रविवारी सकाळी सिंहगडावर पिठलं-भाकरी खाणारा पुणेकर मॉरिशसच्या सगळ्यात उंच माणसापेक्षाही उंचावर बसलेला असतो, असं म्हणायला हरकत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. पाताळेश्वराची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली, पर्वतीच्या पायऱ्या ज्या टेकडीवर चढतात, तो आपला सगळा दख्खनचा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्या वेळी आपली भूमी दक्षिणेकडे होती आणि पृथ्वीच्या पोटातल्या एका प्रचंड उष्ण जागेवरून सरकत होती. चूल जागेवर आणि वरचा तवा सरकतोय, असं डोळ्यांसमोर आणा. तवा उत्तरेला सरकला, चूल तिथेच राहिली. तिनं वाटेत मालदीव आणि चागोस या बेटांचा पाया घातला, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस उभं केलं, आणि आज तीच चूल शेजारच्या रियुनियन बेटाखाली धगधगते आहे. तिथला ज्वालामुखी अजून अधूनमधून उसळतो. म्हणजे पुण्याचा दगड आणि मॉरिशसचा दगड एकाच चुलीवरचे! हे मला वर्गात शिकवता आलं नाही याची हळहळ वाटते. मी शिकलो तेव्हा हे शास्त्र पुस्तकांत आलेलं नव्हतं आणि नंतर आलं तोवर मी वहीतल्या जुन्या टिपणांवर भागवायला लागलो होतो.

आता इतिहास. या बेटावर मूळचं माणूस नव्हतंच. अरब खलाशांना ते ठाऊक होतं, पोर्तुगीज येऊन पाहून गेले, राहिलं कोणी नाही. १५९८ साली डच आले आणि त्यांनी आपल्या राजपुत्राचं, मॉरिसचं, नाव बेटाला दिलं. वस्ती केली १६३८ साली. त्या वर्षी आपले शिवाजी महाराज आठ वर्षांचे होते. (मुलांना सनावळी लक्षात राहावी म्हणून मी नेहमी अशी जोडी लावून देत असे.) डचांनी जावा बेटातून ऊस आणला, हरणं आणली. डोडो नावाचा न उडणारा, माणसाला न घाबरणारा पक्षी फक्त याच बेटावर होता, तो त्यांच्या काळात नाहीसा झाला. त्यात माणसाच्या शिकारीपेक्षा त्यांच्याबरोबर आलेल्या डुकरांचा, माकडांचा आणि उंदरांचा हात मोठा, असं अभ्यासक म्हणतात. १७१० मध्ये डच कंटाळून निघून गेले.

१७१५ साली फ्रेंच आले. तेव्हा साताऱ्यात बाळाजी विश्वनाथ नवे पेशवे होते. १७३५ मध्ये माहे द ला बुर्दोने हा गव्हर्नर आला. त्यानं पोर्ट लुई हे बंदर उभारलं, रस्ते केले, साखरेचे कारखाने काढले. याच गृहस्थानं पुढे १७४६ मध्ये आरमार घेऊन येऊन इंग्रजांकडून मद्रास जिंकून घेतलं. हिंदुस्थानच्या राजकारणात या ठिपक्याएवढ्या बेटाला महत्त्व होतं ते असं. पण रस्ते, बंदर, कारखाने उभारायला हात कोणाचे लागले? मादागास्कर आणि मोझांबिककडून धरून आणलेल्या गुलामांचे. इंग्रजांनी १८१० साली बेट घेतलं, तेव्हा मालक बदलले. गुलाम होते तिथेच राहिले.

१ फेब्रुवारी १८३५ ला तिथली गुलामगिरी कायद्यानं संपली. सुमारे ६६ हजार माणसं मोकळी झाली आणि इंग्लंडच्या सरकारनं नुकसानभरपाई दिली. सुमारे २० लाख पौंड. कोणाला? तर मालकांना! ज्यांची आयुष्यं गेली त्यांना एक छदामही नाही. हे वाक्य मी नातवाला वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, “आबा, उलटं लिहिलंय का तुम्ही?”

उलटं नव्हतं लिहिलेलं.

मोकळ्या झालेल्या माणसांना उसाच्या फडात पुन्हा पाऊल टाकायचं नव्हतं, आणि ते साहजिकच होतं. मग ऊस तोडणार कोण? मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलास’ नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. तिथून पुढे सुमारे साडेचार लाख माणसं या बेटावर उतरली. पाच वर्षांचा करार, त्यालाच आपल्याकडे ‘अ‍ॅग्रीमेंट’चं ‘गिरमिट’ झालं. पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा तिथला रिवाज. मळा सोडून बाहेर पडायचं तर जवळ पास हवा, नाहीतर भटक्या म्हणून तुरुंग. बहुतेक माणसं कलकत्त्याहून आणि मद्रासहून गेली. थोडी मुंबईहून गेली. ती आपली.

आपल्यापैकी कोण गेलं? मुख्यतः रत्नागिरी, सावंतवाडीकडचे, आणि काही घाटावरचे, सातारा-कोल्हापूरकडचे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या, चार महिने शेती आणि आठ महिने शिपाईगिरी हा कोकणातल्या घराघराचा हिशेब विस्कटला. भाताचं शेत वीतभर, त्यातही खोताचा वाटा. तेव्हा मुंबईत गिरण्या नव्हत्या. पहिली गिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि १८५६ मध्ये चालू झाली. पुढे गिरण्या वाढल्या आणि रत्नागिरीच्या माणसाला गिरणगावाची वाट मिळाली. माझी समजूत अशी की गिरणी आणखी वीस वर्षं आधी निघाली असती तर मॉरिशसला मराठी माणूस औषधालाही सापडला नसता, आणि वीस वर्षं उशिरा निघाली असती तर तिथे आपली संख्या कितीतरी मोठी झाली असती. आज तिथे मराठी वंशाची माणसं लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास आहेत.

आम्ही उभयता २०१२ साली एका यात्रा कंपनीबरोबर मॉरिशसला गेलो होतो. सहा रात्री, सात दिवस. निळं पाणी, बोटीतून प्रवाळ, सात रंगांची माती, गंगा तलाव (हे विझलेल्या ज्वालामुखीच्या विवरातलं तळं, महाशिवरात्रीला अर्धा देश तिथे चालत जातो), आणि खरेदी, खरेदी, खरेदी. पोर्ट लुईतल्या ‘आप्रवासी घाटा’ला आमच्या कार्यक्रमात चाळीस मिनिटं होती. त्यातली दहा स्वच्छतागृहासाठी.

हा घाट १८४९ मध्ये बांधला. बोटीतून उतरलेला प्रत्येक मजूर इथून बेटावर चढायचा. पूर्वी त्याला ‘कुली घाट’ म्हणत, १९८७ मध्ये ‘आप्रवासी घाट’ असं सन्मानाचं नाव दिलं आणि २००६ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा ठरवलं. पाहण्यासारखं म्हटलं तर काही नाही. काळ्या दगडाच्या भिंतींचे अवशेष आणि सोळा पायऱ्या. रायगडाच्या पायऱ्यांवर मी मुलांच्या किती सहली नेल्या आहेत! तिथे मला नेहमी बोलायला सुचायचं. या सोळा पायऱ्यांपाशी काही सुचेना. आमच्यातले बरेच जण बसमध्ये जाऊन बसले होते.

घाटावर उतरलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळायचा. वहीत नाव, बापाचं नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण. पुढे पुढे फोटोसुद्धा. त्या वह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. आडनाव हा प्रकार आपल्या माणसांनी सांगितला नाही, किंवा लिहिणाऱ्याला कळला नाही. त्यामुळे बापाचं नाव तेच पुढे आडनाव झालं. तिथे ‘भिवाजी’ हे आडनाव आहे. कुठल्या तरी भिवाजीनं पाच वर्षांसाठी म्हणून बंदर सोडलं आणि तो स्वतःच एका घराण्याचा मूळपुरुष होऊन बसला.

आमच्या बसचा ड्रायव्हर असाच एक ‘...जी’ आडनावाचा, पन्नाशीचा. आम्ही महाराष्ट्रातले म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. छातीवर हात ठेवून म्हणाला, “मी मराठी.” आम्ही खूश! सौ.नं लगेच विचारलं, “अहो, तुम्ही मूळचे कुठले?” तो नुसता हसला. त्याला कळलं नव्हतं. इंग्रजीत विचारल्यावर म्हणाला, “रटनागेरी.” इंग्रज कारकुनानं दीडशे वर्षांपूर्वी वहीत जसं लिहिलं, तसंच ते त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या उच्चारलं जात होतं. रत्नागिरी म्हणायला शिकवणारं तिथे कोणी उरलंच नव्हतं. मग बोलणं इंग्रजीत झालं. घरी ते क्रिओल बोलतात, म्हणजे तिथली सगळ्यांची मिळून झालेली फ्रेंच वळणाची भाषा. पण दुसऱ्या दिवशी बसमध्ये कोणीतरी गणपतीची आरती सुरू केली, तेव्हा गाडी चालवता चालवता त्यानं ती आमच्याबरोबर पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. एकही शब्द न चुकता. आमच्यातले दोघे-तिघे मधल्या कडव्यात गुणगुणण्यावर भागवत होते, तेव्हा तो स्पष्ट म्हणत होता.

मला आधी वाईट वाटलं. भाषा गेली आणि आरती राहिली, असं. आता तसं वाटत नाही. विचार करा. मूठभर माणसं, भोवती भोजपुरी बोलणारे लाखो, त्यावर क्रिओल, त्यावर फ्रेंच, त्यावर इंग्रजी. परत यायची सोय फारशी नाही. आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मायदेशी परतले, बाकीचे तिथेच राहिले. अशा ठिकाणी बोली टिकणार कशी? पण गणपती टिकला. तिथला पहिला गणेशोत्सव १८९६ साली आँरिएता गावात भिवाजी घराण्यानं केला, असं सांगतात. पुण्यात टिळकांनी सार्वजनिक उत्सवाला चालना देऊन तेव्हा जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती! आज तिथे गणेश चतुर्थीला सबंध देशाला सरकारी सुट्टी असते आणि विसर्जन समुद्रावर होतं. कास्काव्हेलला विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आहे. आपल्या रत्नागिरीची जाखडी, बाल्या नाच, तिथे ‘झाकरी’ नावानं नाचली जाते. सरकारी प्राथमिक शाळांत ज्यांना हवं त्यांना मराठी विषय घेता येतो. भाषा स्वयंपाकघरातून गेली, ती त्यांनी शाळेच्या दारातून परत आणली. मास्तर म्हणून मला याचं मोल वाटतं.

शाळेचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. या गिरमिटियांच्या गावांतून ‘बैठका’ असत. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसं संध्याकाळी तिथे जमायची, पोथी वाचायची, पोरांना अक्षरं शिकवायची. १९४७ च्या नव्या घटनेनं मतदानाचा हक्क दिला, पण ज्याला बेटावरच्या कुठल्याही एका भाषेत साधं लिहिता-वाचता येतं त्यालाच. तेव्हा बासदेव बिसुनदयाल यांच्या स्वयंसेवकांनी गावोगाव हजारो मजुरांना अक्षरओळख करून दिली. १९४८ च्या निवडणुकीनं मळेवाल्यांच्या सत्तेला पहिला मोठा धक्का दिला. सही करण्यापुरती अक्षरं, पण त्यांनी देशाची सत्ता हलवली. तेहतीस वर्षं खडू झिजवून मी ‘शिक्षणाचे महत्त्व’ या विषयावर किती निबंध तपासले असतील, हे उदाहरण एकाही मुलाला मी दिलं नाही.

१२ मार्च १९६८ ला मॉरिशस स्वतंत्र झाला. हा दिवस गांधीजींच्या दांडीयात्रेची आठवण म्हणून निवडला होता. गांधीजी स्वतः १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना तिथे सुमारे तीन आठवडे राहिले होते. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, असं त्यांनी तिथल्या लोकांना सांगितलं होतं. १९६८ साली मी कॉलेजात होतो. कोयनेच्या भूकंपाला तीन महिने झाले होते, आमच्या बोलण्यात तोच विषय. मॉरिशस स्वतंत्र झाल्याची बातमी मी वाचल्याचं मला आठवत नाही.

वाचली असती तरी त्या देशाचं काही खरं नाही, असंच वाटलं असतं. कारण जाणकारांनाही तसंच वाटत होतं. जेम्स मीड हे अर्थशास्त्रज्ञ, ज्यांना पुढे १९७७ साली नोबेल मिळालं, त्यांनी १९६१ च्या सुमारास बेटाचा अभ्यास करून भवितव्य फार कठीण आहे असं म्हटलं होतं. एकच पीक ऊस, वाढती लोकसंख्या, वादळं (१९६० च्या ‘कॅरोल’ वादळानं बेट उद्ध्वस्त केलं होतं), आणि नाना वंशांची, धर्मांची माणसं. स्वातंत्र्याच्या दोनच महिने आधी पोर्ट लुईत दंगल झाली होती.

पण अंदाज चुकला. साखरेला युरोपात वर्षानुवर्षं चांगला बांधलेला भाव मिळाला. त्या पैशाची नुसती उधळपट्टी झाली नाही. १९७० पासून निर्यातीसाठी कापडाचे कारखाने काढले, बायका मोठ्या संख्येनं कामाला लागल्या, पर्यटन वाढवलं, मग बँका आणि वित्तसेवा. १९९२ च्या १२ मार्चला राणीचं राज्यही संपवून प्रजासत्ताक झालं. चलन मात्र रुपयाच. २०२० साली जागतिक बँकेनं त्याची गणना श्रीमंत देशांत केली. पुढच्याच वर्षी करोनानं पर्यटन बुडवलं आणि ती पायरी हुकली, हा भाग निराळा.

वर्तमानपत्रातलं अर्थकारणाचं पान वाचणाऱ्यांना मॉरिशस दुसऱ्याच कारणानं माहीत असेल. १९८२ च्या करसवलतीच्या करारामुळे परदेशी पैसा आधी पोर्ट लुईला पत्ता घ्यायचा आणि तिथून आपल्या शेअरबाजारात यायचा. म्हणून वर्षानुवर्षं भारतातला सर्वांत मोठा ‘परदेशी गुंतवणूकदार’ हे चिमुकलं बेट होतं! २०१६ साली करारात बदल झाले आणि ती वाट अरुंद झाली. मुंबईहून पाच रुपये महिन्यावर माणसं तिकडे गेली आणि तिकडून मुंबईला अब्जावधी रुपये आले, असा हा उलटा प्रवास.

‘गुण्यागोविंदाने’ म्हणावं तर तसंही पूर्ण नाही. गुलामांच्या वंशजांना, क्रिओल समाजाला, या भरभराटीत आपला वाटा कमी मिळाला असं वाटतं आणि १९९९ साली त्यांचा लाडका गायक काया पोलीस कोठडीत मरण पावला तेव्हा बेट काही दिवस पेटलं होतं. पण २०२० मध्ये ‘वाकाशिओ’ जहाज प्रवाळावर आपटून तेल सांडलं, तेव्हा सगळ्या वंशांची माणसं किनाऱ्यावर धावली, उसाची पाचट भरून लांबलचक गोधड्यांसारखे बांध शिवले आणि पाण्यात सोडले. काहींनी तेल शोषायला डोक्यावरचे केस कापून दिले. ज्या उसासाठी पूर्वजांना आणलं त्याच उसाच्या पाचटानं वंशजांनी किनारा वाचवायला धडपड केली.

आता माझ्या मनातला मुद्दा. आपण मराठी माणसं ‘अटकेपार झेंडे’ फार अभिमानानं सांगतो. मीही सांगितलं, दर वर्षी, १७५८ साल फळ्यावर ठळक लिहून. त्यात खोटं काही नाही. पण अटकेपर्यंत गेलेल्या फौजा परत आल्या. समुद्रापार गेलेली ही साधी माणसं परत आली नाहीत, त्यांनी तिथे एक देश उभा करायला हात लावला. घोड्यावरून गेले ते इतिहासात गेले, गाठोडं घेऊन गेले ते एका वहीत क्रमांक होऊन राहिले. मोक्याला २०२३ मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला, आपल्याकडे बातम्या आल्या, आनंद झाला. पण पुतळ्यापुढे उभं राहणाऱ्यांच्या आजोबा-पणजोबांविषयी आपण किती जाणतो?

आणि पुण्यानं तर ही गोष्ट विसरूच नये. ४ मार्च १९१२ ला केंद्रीय कायदेमंडळात गिरमिट पद्धत साफ बंद करा, असा ठराव मांडणारे गृहस्थ आपले गोपाळ कृष्ण गोखले होते. सरकारी मतांच्या जोरावर ठराव पडला. पण १९१७ साली हिंदुस्थानातून गिरमिटिया पाठवणं थांबलं. ते पाहायला गोखले हयात नव्हते. मी संध्याकाळी फिरायला जातो तेव्हा त्यांच्या भारत सेवक समाजाच्या आवारावरून जातो. कित्येक वर्षं गेलो. अलीकडे तिथे पाय जरा रेंगाळतो.

शेवटी घरचं सांगतो. आमच्या कोकणातल्या घरची वंशावळ माझ्याकडे आहे, वडिलांनी जुन्या कागदावरून उतरवून काढलेली. आजीच्या सांगण्यावरून त्यात एका नावापुढे ‘मुंबईहून जहाजानं गेला’ एवढंच लिहिलं आहे. खाली रेघ नाही. इतर सगळ्यांच्या खाली फांद्या फुटत फुटत आमच्या नातवापर्यंत आल्या आहेत. तिथे कागद कोरा. आजपर्यंत मी ती जागा म्हणजे एक शेवट समजत होतो, गेला तो गेला. घाटावरच्या त्या पायऱ्या पाहूनही तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. नातवाच्या बेटानं आणलं. तो माणूस कुठल्या जहाजानं कुठे उतरला हे मी सांगू शकत नाही, आणि ओढूनताणून नातं जोडायचं नाही. पण कोऱ्या जागेला मी आता शेवट म्हणणार नाही.

तेव्हा हे वाचणाऱ्या माझ्या चुलत-मावस-आत्ते भावंडांनो, नाव कोणतं ते तुम्हाला ठाऊक आहे. गावच्या घरी माळ्यावरच्या पेटीत एखादं पत्र, एखादा शिक्क्याचा कागद असेल तर वाळवीच्या आधी तो बघा आणि मला कळवा. इतर वाचकांच्या घरीही अशी एखादी न फुटलेली फांदी असेल, तर जरूर लिहा.

नातवाचा प्रकल्प झाला. शेवटचं वाक्य त्यानं खोडलं नाही, पण त्याच्या आधी एक घातलं, ‘या बेटावर सगळे बाहेरून आले, काही स्वतः आले आणि काहींना आणले.’ शिवाय एका बाजूला राष्ट्रचिन्ह काढलं. मी त्याला मॉरिशसचं दाखवलं होतं. त्यावर डोडो आहे, हरीण आहे आणि ऊस आहे. मूळचा होता तो संपला, आणि जे टिकले ते दोघेही बाहेरून आणलेले. त्यानं आपल्या चिन्हावर एका बाजूला आंबा काढला आणि दुसऱ्या बाजूला एक गाठोडं.

बाईंनी विचारलं तर सांग, म्हटलं, गाठोडं काल्पनिक नाही.